स्ट्रायकर सापडलाय, हे आधी दादाला सांगा

पत्र बरंच मोठं होतं, फुलस्केपची पाच पानं, त्यामुळे कापून छापतेय:

"नमस्कार ताई, नाव छापू नका. आम्ही मूळचे लालबागच्या एका चाळीतले. १९८१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरांनी चाळीत बालमंडळ काढलं, माझा दादा अध्यक्ष आणि मी खजिनदार, कारण माझं अक्षर बरं होतं. आता चाळ नाही, टॉवर आहे, आम्ही ठाणे-डोंबिवली-विरारला पांगलोय पण ग्रुप आहे. येत्या मे मध्ये मंडळाला ४५ वर्षं होतील म्हणून स्मरणिका काढतोय आणि त्यात पहिल्या १२ सभासदांची नावं द्यायचीत. वहीत सहाव्या नंबरवर एक मुलगा आहे, त्याचं नाव नुसतं 'नवा' असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. जूनमध्ये आला, तिसऱ्या मजल्यावर गावकऱ्यांच्या खोलीत वडिलांबरोबर राहायचा. पुढच्या वर्षी शिमग्याला गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच आठवड्यात मंडळाचा कॅरमचा स्ट्रायकर गेला. दादा आणि दोघं जण त्या खोलीत विचारायलाही गेले होते. तेव्हापासून आमच्यात तो 'स्ट्रायकरवाला'. दादा म्हणतो, चार दिवस आला नि गेला, त्याला कशाला यादीत घ्यायचं. मला वाटतं घ्यावं. त्याला शोधावं का? कसं शोधू? नावही माहीत नाही. (तो स्ट्रायकर मला २०१२ ला चाळ खाली करताना आईच्या बटणांच्या डब्यात सापडला, पण ते असो.)"

नमस्कार.

पाच पानं लिहिलीत आणि खरं काय ते कंसात घातलंत. त्यात वर 'पण ते असो'! अहो, असो काय? मी पत्र वाचता वाचता चहा घेत होते, त्या कंसापाशी कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तेव्हा कळलं की तुम्ही मला विचारलाय एक प्रश्न आणि तुम्हाला झोप लागू देत नाही तो दुसराच आहे. तुम्हाला तो मुलगा सापडायला हवा आहे की दादाला काहीतरी सांगायचं धाडस हवं आहे? माझ्या मते दुसरं. आणि मुलाला शोधणं हे खरं तर जास्त सोपं वाटतंय तुम्हाला, कारण तो अनोळखी आहे आणि दादाला तुम्ही जन्मापासून ओळखता.

पण आधी त्या वहीबद्दल बोलू. तुम्ही पानाचा फोटो पाठवलात ते फार चांगलं केलंत. मी तो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. दोनशे पानी वही, फूटपट्टीने आखलेले रकाने, महिन्याची वर्गणी ५० पैसे, दिली की टिक. सहाव्या ओळीत 'नवा', आणि पुढे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, नऊ टिका. एकही सुटलेली नाही. मार्चपासून रकाने रिकामे आणि मग कोणीतरी अख्ख्या ओळीवर लाल शाईने रेघ मारलीय. आता सहज म्हणून बाकीच्यांच्या ओळी बघा. सलग नऊ टिका त्या पानावर दुसऱ्या कुणाच्याच नाहीत, आणि अध्यक्षमहाराजांच्या नावापुढे ऑगस्ट आणि डिसेंबर अजून बाकी आहे बरं का. (४५ वर्षांचं व्याज लावा आता.)

आणि त्यातली ती शेवटची टिक बघा, फेब्रुवारीची. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. तुम्हाला हे मी सांगायला नको, तुम्ही लालबागच्या, पण वाचणाऱ्यांत नंतरची पोरं आहेत म्हणून सांगते, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले होते आणि तो संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. पगार बंद, खानावळीचं बिल थकलेलं, मग जो तो एस्टी पकडून गावी, कोणी कोकणात, कोणी साताऱ्याकडे, कोणी कोल्हापूरकडे, की निदान दोन वेळची भाकरी तरी मिळेल. त्या मुलाचे वडील गिरणीत होते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बापाचा पगार बंद झाल्यावरसुद्धा त्या पोराने फेब्रुवारीचे ५० पैसे आणून तुमच्या हातात ठेवलेत, आणि टिक तुम्हीच केलीय. कुठून आणले असतील ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण 'चार दिवस आला नि गेला' म्हणणाऱ्याला हे पान दाखवायला हरकत नसावी.

शिमग्याला गेला यात तुम्हाला कुणाला काही वेगळं वाटलं नाही हेही साहजिक आहे, कोकणातला माणूस शिमग्याला आणि गणपतीला जातोच. परत येणारच होता म्हणून तर दप्तर खुंटीला ठेवून गेला होता. तुम्ही लिहिलंय, दादा आणि ते दोघं विचारायला गेले तेव्हा खोलीतल्या एका काकांनी काही न बोलता ते दप्तर काढलं, चटईवर उलटं केलं आणि त्यातून दोन वह्या, एक पाटीवरची पेन्सिल आणि चिंचोके पडले. स्ट्रायकर नाही. आणि दादा जिन्यात म्हणाला, "बरोबर घेऊन गेला असेल."

हे मी दोनदा वाचलं आणि मला सगळ्यात जास्त त्या काकांचं वाईट वाटलं. संप चालू, अर्धी खोली रिकामी, आणि तीन पोरं येऊन आपल्या गावच्या मुलाच्या चोरीची चौकशी करतायत. तरी बिचारा ओरडला नाही, "चला निघा" म्हणाला नाही. पोरं बारा-तेरा वर्षांची होती, त्यांना काय कळतंय, हे मान्य. पण ४५ वर्षांनी ग्रुपवर 'स्ट्रायकरवाला' म्हणून स्मायली टाकणारी माणसं बारा वर्षांची नाहीयेत ना.

आता माझं मत सांगते, थोडं वेगळं वाटेल. त्या मुलाची माफी मागायला म्हणून त्याला शोधायला जाऊ नका. कारण तो गेला त्यानंतर हे चोर-बिर प्रकरण सुरू झालं. त्या काकांनी गावी जाऊन सांगितलं असेल तर त्याला माहीत असेल, आणि नसेल सांगितलं (मला वाटतं असली माणसं सांगत नाहीत) तर त्याला आजपर्यंत पत्ताच नाही. त्याच्या लेखी लालबागचं एक वर्ष म्हणजे गॅलरी, कॅरम, किल्ला, पाच-दहा पोरं. आणि तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी जाऊन त्याला सांगणार की आम्ही तुला चोर म्हणत होतो पण आता म्हणत नाही? तुमचं मन हलकं होईल हो, पण त्याने ते कुठे ठेवायचं?

ती गोष्ट ज्यांच्यात चाललीय त्यांच्यातच मिटवायला हवी. म्हणजे आधी दादा, मग ग्रुप.

दादाला कसं सांगायचं याची तुम्हाला भीती वाटतेय कारण तुमच्या घरातच वस्तू सापडली, आईच्या डब्यात. म्हणजे आईने घेतला असं होतं का? काहीतरीच. चाळीत ज्या बाईने झाडू मारलाय तिला विचारा, गॅलरीत पडलेलं बटण, चार आण्याचं नाणं, पिन, लुडोची सोंगटी, सगळं कुठल्यातरी एकाच डब्यात जायचं आणि 'कोणी विचारलं तर देऊ' म्हणून तिथेच राहायचं. पांढरा गोल तुकडा, तिला ते मोठ्या कोटाचं बटण वाटलं असेल. कॅरमच्या खेळात स्ट्रायकर उडून गॅलरीत घरंगळत जाणं ही काय नवलाची गोष्ट आहे? विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण उत्तर आधीच सापडलं होतं, नवीन होता, गरीब होता आणि समोर नव्हता.

तर तो डबा घ्या आणि दादाकडे जा. फोनवर नको, ग्रुपवर तर मुळीच नको, ग्रुपवर टाकलंत की बारा जणांसमोर त्याला स्वतःची बाजू मांडावी लागेल आणि मग तो स्ट्रायकरवर न बोलता तुमच्यावर बोलेल. भाऊबीज, वाढदिवस, असला दिवसही नको. साधा रविवार बघा, वहिनी आत असताना. डबा उघडून टेबलावर ओता, बटणं आणि स्ट्रायकर एकत्र, आणि म्हणा, "दादा, हा आईच्या डब्यात होता. मला १३ वर्षं झाली माहीत आहे, मी बोलले नाही." बास. तुम्ही लपवलंत हे आधी सांगा, म्हणजे त्याला एकट्याला खाली बघावं लागणार नाही. 'तू त्याला चोर म्हणालास' हे वाक्य तुम्ही उच्चारू नका, तो विसरलेला नाहीये, मी पैजेवर सांगते.

तो चिडेल. "एका स्ट्रायकरचं काय घेऊन बसलीस" म्हणेल. म्हणू द्या. डबा त्याच्याकडे ठेवून या.

आता दुसरी गोष्ट, नाचणी. हे तुम्ही चौथ्या पानावर एका ओळीत टाकलंत आणि मला ते पत्रातलं सगळ्यात आवडलं. दिवाळीतल्या किल्ल्यावर सगळे अळीव नाहीतर मोहरी पेरतात. तुमच्या मंडळाच्या पहिल्या किल्ल्याला अळीव आणायला पैसे नव्हते (५० पैसे वर्गणीत बुरूज झाला, मावळे झाले, संपले) तर हा पोरगा वर खोलीत गेला आणि गावाहून आलेल्या डब्यातून मूठभर नाचणी घेऊन आला, ओल्या गोणपाटाखाली झाकायला सांगितली, रोज सकाळी शाळेआधी येऊन हाताने पाणी शिंपडायचा, ओतायचा नाही, शिंपडायचा, आणि वसुबारसेपर्यंत किल्ला पोपटी हिरवा झाला. तेव्हापासून तुमच्या मंडळाचा किल्ला नाचणीचाच. आणि आता स्मरणिकेच्या कच्च्या मजकुरात 'आमच्या अध्यक्षांची अभिनव कल्पना' असं छापायला गेलंय! दादा खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. एवढी वर्षं किल्ला तोच करत आला, दर दिवाळीला नाचणी त्यानेच पेरली, तर त्याला खरंच ती आपली वाटायला लागली असणार. पण कागदावर जाताना दुरुस्त करा. प्रूफ तुमच्याकडे येतंय ना? मग अडचण काय आहे?

यादीत त्याला सहावाच ठेवा, वहीत आहे तिथेच. खाली वेगळी चौकट करून 'विशेष स्मरण' वगैरे नको, तो गेलाय असं वाटतं त्याने. नाव माहीत नाही तर 'नवा' असंच अवतरणात. आणि किल्ल्याच्या पानावर चार ओळी, मी लिहून देते, बदला हवं तसं:

"किल्ल्यावर नाचणी पेरायची पद्धत आपल्या मंडळात पहिल्या वर्षापासून आहे. ती सहाव्या नंबरच्या सभासदाने सुरू केली. आम्ही त्याला 'नवा' म्हणायचो आणि त्याचं खरं नाव विचारायचं राहून गेलं. जून १९८१ ते फेब्रुवारी १९८२ त्याची वर्गणी पूर्ण जमा आहे."

यापुढे एक शब्द नको. संपामुळे गेला, गरीब होता, डोळ्यात पाणी येतं, असलं काही लिहू नका, उद्या त्याच्या मुलीने वाचलं तर तिला बापाबद्दल कीव नको दिसायला. आणि स्ट्रायकरबद्दल स्मरणिकेत अवाक्षर नाही. ते ग्रुपवर दादाने स्वतः टाकू दे, एक फोटो आणि "सापडला, आमच्याच घरात होता" एवढंच. नाहीच टाकलं महिनाभरात तर तुम्ही टाका.

हे सगळं झालं की मग शोधा हवं तर, आणि ते तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. फेसबुकवर 'लालबागच्या या मुलाला ओळखता का' असली पोस्ट टाकू नका, नाव नाही, फोटो नाही, लोक नुसते हात जोडलेले इमोजी टाकतील. शाळेतही जाऊ नका, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, गाव, कधी आला, कधी सोडली सगळं असतं पण दुसऱ्याची माहिती ते तुम्हाला का म्हणून देतील, आणि देऊही नये. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांच्या याद्या चाळायचं तुमच्या मनात आहे असं दिसतंय, तिथे लाखाच्या वर अर्ज आहेत आणि तुमच्याकडे आडनावसुद्धा नाही, सोडा ते.

खोली धरा. गावकऱ्यांची खोली म्हणजे अख्ख्या गावाची खोली, दहा-वीस माणसं पाळ्या लावून झोपणारी, आणि ती कुणा ना कुणाच्या नावावर असणार. चाळ पाडताना भाडेकरूंची यादी झाली असणार, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा की तिसऱ्या मजल्यावरची ती खोली कुठल्या गावाची होती. गाव कळलं की काम झालं. त्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असायची दाट शक्यता आहे, कोकणातल्या कितीतरी गावांची आहेत, वर्षाची सभा असते, गणपतीच्या आधी बैठका असतात. तिथल्या सत्तरीच्या पुढच्या एखाद्या माणसाला विचारा, "८१-८२ ला बापाबरोबर लालबागच्या खोलीत कोणाचा मुलगा होता?" पाच मिनिटांत नाव, वाडी, बायको कुठली, मुलं काय करतात सगळं कळेल. तुम्हाला आठवतंय की तो 'आमच्याकडे पालखी घरोघर येते' म्हणायचा आणि जिल्हा रत्नागिरी सांगायचा. एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला, म्हणजे तुमच्या मंडळाच्याच महिन्यात. तेव्हा शाळकरी पोराने रत्नागिरी म्हटलं म्हणजे आजच्या हिशोबाने ते गाव सिंधुदुर्गातही असू शकतं. नुसतं रत्नागिरीत शोधत बसू नका.

गाठ पडली तर त्याचा नंबर मागू नका. तुमचा नंबर द्या, स्मरणिकेची एक प्रत द्या, वहीच्या त्या पानाची झेरॉक्स घाला, लाल रेघेसकट, आणि मे महिन्यातल्या कार्यक्रमाचं आमंत्रण. बास. फोन आला तर बोला. त्याने स्वतःहून स्ट्रायकर काढला तर सांगा खरं खरं, लपवू नका. नाही काढला तर तुम्हीही काढू नका. फोन नाहीच आला तर पुन्हा निरोप नको.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा, त्याला तुम्ही आठवत नसाल. हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या वडिलांची बदलीची नोकरी, दहावीपर्यंत पाच गावं झाली, प्रत्येक कॉलनीत एक बालमंडळ आणि प्रत्येकात मी 'ती नवीन'. मिरजेला आम्ही आठ महिने होतो. तिथल्या पोरांपैकी एकाचंही नाव आज मला सांगता यायचं नाही, चेहरेही नाहीत, फक्त एका घराच्या ओट्यावर दुपारी खूप गार लागायचं आणि तिथे बसून पत्ते खेळायचो एवढं आठवतं. आणि हो, त्यांच्या बालवाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडे आहे, गोल शिक्का मारलेलं, सामानात आलं, परत पाठवू पाठवू म्हणता राहिलं. खरी चोर मी. मिरजेला माझ्या नावाने काय काय बोलले असतील देव जाणे, माझ्यापर्यंत काही आलं नाही आणि माझं काही अडलं नाही. तुमचं पत्र आल्यावर ते पुस्तक शोधलं, आहे, कपाटाच्या वरच्या खणात. आत शेवटच्या पानावर परत करायची तारीख पेन्सिलने लिहिलीय, तिच्याकडे मी फार वेळ बघितलं नाही.

तर पुढच्या रविवारी डबा घेऊन निघा. काय झालं ते कळवा, पाच पानं चालतील, कंस नको.

ता.क. नाचणी पेरायच्या आधी भिजवायची का तशीच टाकायची, तेवढं लिहा. आमच्या सोसायटीच्या पोरांचा अळीव दरवर्षी कुजतो.